रशियन कागदावरची सही

नूतन उझबेकिस्तानला निघाली तेव्हा तिला सुरत स्टेशनवर सोडायला गोडादऱ्याहून दोन रिक्षा आणि एक छोटा हत्ती भरून माणसं आली होती. त्या टेम्पोतून एरवी साड्यांचे गठ्ठे जायचे. त्या दिवशी त्यात बाया उभ्या होत्या. दिल्लीची गाडी लागली तशी तिची आई धुरपदाबाई रडायला लागली. वडील धुडकू बोरसे मात्र डब्याच्या दारातल्या लेकीकडे बोट दाखवून शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्याने सांगत होते, "मनी आंडेर शे. फुटबॉल खेळाले परदेशमा चालनी." तो माणूस काठेवाडी होता, त्याला अहिराणी कळण्याचं कारण नव्हतं. तरी त्याने मान डोलावली.

मी नूतनची शाळेतली बाई. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. मी मूळची अकोल्याकडची, पण वर्गात निम्म्याहून जास्त पोरं खानदेशातली, त्यामुळे अहिराणी मला पोरांनीच शिकवली. नूतन सहावीत असताना शाळेत कुठल्याशा योजनेतून चार फुटबॉल आले. मुलं दोनच दिवसांत क्रिकेटकडे परतली. नूतन आणि तिच्या वर्गातली मनीषा, दोघी तेवढ्या राहिल्या. मधल्या सुट्टीत नूतन डाव्या पायाने चेंडू मारत मैदानाच्या कडेकडेने पळायची आणि मनीषा दोन दगडांमध्ये उभी राहून अडवायची. मला खेळातलं काही कळत नाही. पण पोरगी वळताना वेग कमी करत नाही, हे मलाही दिसायचं.

धुडकूभाऊ लूम्सच्या कारखान्यात, धुरपदाबाई घरी साड्यांचं धागा कटिंग करायची. पोरीने खेळावं की नाही, यावर त्या घरात मोठी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. धुडकूभाऊंनी एकदाच मला विचारलं होतं, "बाई, यात तिला लागणार तर नाही ना?" मी म्हटलं होतं, लागलं तर बरं होतं, लहान वयात हाडं लवकर जुळतात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे आमच्या सोसायटीत तरी. नूतन राज्याकडून खेळली, मग कोलकात्याच्या एका क्लबात दोन वर्षं, एकदा देशाच्या सराव शिबिरात. तेविसाव्या वर्षी उझबेकिस्तानातल्या एका क्लबाने तिला बोलावून घेतलं. क्लबाचं आणि शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. नूतननेच तसं सांगितलं आहे.

तिथे गेल्यावर पहिले दहा दिवस तिचे फोन फार उदास यायचे. थंडीची तक्रार नव्हती, खाण्याचीही नव्हती. बोलायला कुणी नव्हतं. मैदानावर सगळं रशियनमध्ये आणि उझबेकमध्ये. कोच हाताने खुणा करायचा. ती म्हणाली, "बाई, मी इथे मुकी झालेय."

अकराव्या दिवशी फोन आला तो आनंदाचाच. क्लबाने तिच्यासाठी दुभाषी नेमली होती. त्याच शहरात डॉक्टरी शिकणारी भारतीय मुलगी, पाचव्या वर्षाला. रशियन चांगली बोलायची. नाव प्रियांका सोनवणे. नूतनने विचारलं, तुम्ही कुठल्या? तर ती म्हणाली, सुरत. सुरतमध्ये कुठे? डिंडोली. नूतनने भीतभीत अहिराणीत विचारलं, "मंग तुले अहिराणी येस का?" प्रियांका हसली आणि म्हणाली, "माले नही येणार तं कोणले येई?"

डिंडोली गोडादऱ्यापासून रिक्षाने वीस मिनिटं. दोन पोरी तिकडे भेटल्या आणि इकडे दोन घरं जोडली गेली. प्रियांकाचे वडील शालिग्राम सोनवणे पारोळा तालुक्यातले, बोरशांचं गावही तिथून जवळच. त्यांची बायको सरलाबाई धुरपदाबाईकडे यायला लागली. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुरपदाबाई सोनवण्यांकडे जेवायला गेली, आणि तिथून दोघी आयांनी पोरींना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर दोघी पोरी एकाच पलंगावर बसून ज्वारीच्या बिबड्या खात होत्या. धुरपदाबाई मला म्हणाली, "बाई, आता मला रात्री झोप लागते. तिथे तिची बहीण आहे."

आखाजी शुक्रवारी झाली. शनिवारच्या सामन्यात नूतनचा उजवा गुडघा वळला.

ती पडली, उठली, पुन्हा पळाली, आणि दहा मिनिटांनी स्वतःच बाहेर आली. सोमवारी एमआरआय झाला. क्लबाच्या डॉक्टरने दोन पानी रिपोर्ट टेबलावर ठेवला. कोच, डॉक्टर आणि प्रियांका, तिघं बराच वेळ रशियनमध्ये बोलत होते. नूतन त्या तिघांच्या तोंडाकडे बघत बसली होती. मग प्रियांका तिच्याकडे वळली, तिच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "भिऊ नको. फक्त सूज शे." लिगामेंट शाबूत आहे, आठवडाभर बर्फ लावायचा, मग गुडघ्याला पट्टी बांधून खेळता येईल, असं तिने सांगितलं. पुढे एक कागद सरकवला. "इंजेक्शन देण्याआधी परवानगी लागते, त्याचा फॉर्म आहे. इथे सही कर."

नूतनने सही केली. नंतर तिने मला सांगितलं, "बाई, तोच कागद कुणी हिंदीतून समजावला असता तर मी शंभर प्रश्न विचारले असते. ती घरच्या बोलीत बोलली, म्हणून एकही विचारला नाही."

ती पुढे सात सामने खेळली. दर सामन्याआधी इंजेक्शन. पहिल्या दोन सामन्यांत तिने गोल केले, क्लबाने तिचा फोटो टाकला, तो धुडकूभाऊंनी कारखान्यात सगळ्यांना दाखवला. चौथ्या सामन्यापासून गुडघा जिन्यावर दगा द्यायला लागला. ती प्रियांकाला विचारायची, नक्की काही नाही ना? प्रियांका म्हणायची, स्नायू कमजोर झालेत, व्यायाम वाढव. जुलैमध्ये कपची उपांत्य फेरी होती. त्या सामन्यात कुणाचा धक्काही लागला नाही. नूतन नेहमीसारखी वेगात वळली आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

क्लबाने तिला पंधरा दिवसांत घरी पाठवलं. विश्रांती घे, मग बघू, असं प्रियांकानेच सांगितलं. विमानतळावर दोघी गळ्यात पडून रडल्या. प्रियांका म्हणाली, सुट्टीला मीही येतेच आहे, सुरतेत भेटू.

मी तिला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे गेले, कारण धुडकूभाऊंना पाळी सोडता येत नव्हती. डॉक्टर गुजराती, मितभाषी. त्यांनी नवीन एमआरआय बघितला. लिगामेंट पूर्ण तुटलेलं, आतली गादी चुरडलेली. त्यांनी विचारलं, जुनं काही आहे? नूतनच्या फाईलमध्ये मे महिन्यातला रिपोर्ट, तिला मिळालेली त्या फॉर्मची सहीची प्रत आणि तपासणीची सीडी होती. सीडीला भाषा लागत नाही. त्यांनी ती संगणकात घातली, दोन मिनिटं बघितली आणि खुर्ची आमच्याकडे वळवली.

"ही तेरा मेची. लिगामेंट तेव्हाच अर्धं फाटलंय, स्वच्छ दिसतंय," ते हिंदीत म्हणाले. "तेव्हा थांबली असतीस तर कदाचित ऑपरेशनही लागलं नसतं. तुला कुणी खेळू दिलं?"

नूतन म्हणाली, "सर, चुकून तुम्ही दुसऱ्या कुणाची सीडी बघताय."

त्यांनी पडद्यावरचं नाव दाखवलं.

बाहेर येऊन आम्ही रिक्षा केली. गोडादऱ्याच्या वळणावर म्हणाली, "तिथला डॉक्टर खोटं बोलला असेल. प्रियांकाला तो जे बोलला तेच तिने मला सांगितलं असणार." मी म्हटलं, असेल. पण कागद रशियनमध्ये होते, आणि ते वाचून घेतल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

सुरतेत रशियन वाचणारा माणूस शोधायला फार वेळ लागत नाही. माझा एक जुना विद्यार्थी कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात आहे. त्याच्या शेठचे काका कच्चा माल बघायला अकरा वर्षं रशियात राहून आलेले. आता घरीच असतात, हिंडोळ्यावर बसून. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. नूतनच्या काखेत कुबडी होती. काकांनी चष्मा लावून दोन्ही कागद आधी मनात वाचले, मग वर न बघता म्हणाले, "बेटा, आमां तो चोख्खुं लख्युं छे." यात तर स्पष्ट लिहिलं आहे.

रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं: पुढच्या लिगामेंटला अर्धवट फाट, सहा आठवडे पूर्ण विश्रांती, खेळण्यास मनाई. दुसरा कागद, तो इंजेक्शनचा फॉर्म, त्यात इंजेक्शनचं नावही नव्हतं. लिहिलं होतं की मला माझ्या दुखापतीची पूर्ण कल्पना देण्यात आली आहे, तरीही मी स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे. खाली नूतनची सही. तिच्या खाली, मजकूर खेळाडूला तिच्या मातृभाषेत समजावून सांगितला, दुभाषी प्रियांका सोनवणे.

काकांच्या बायकोने पाणी आणलं. नूतनने पेला घेतला आणि हातातच धरून ठेवला. मी निघताना त्या कागदांचे माझ्या फोनवर फोटो काढून घेतले. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी आम्ही डिंडोलीला गेलो. प्रियांका सुट्टीवर आली होती. सरलाबाईंनी दार उघडलं, नूतनला जवळ घेतलं, "किती वाळली माय तू" म्हणत आत नेलं आणि चहा टाकायला गेल्या. प्रियांका आतल्या खोलीतून आली. नूतनने कागद तिच्या पुढ्यात ठेवले. पुढचं सगळं अहिराणीत झालं, मी मराठीत लिहिते आहे.

"हे वाच," नूतन म्हणाली.

"मी वाचलेत ते."

"मला वाचून दाखव. तेव्हा दाखवायचे राहिले."

प्रियांकाने कागदांना हात लावला नाही. ती म्हणाली, "मला वाटलं होतं टिकेल. अर्ध्या फाटीवर खेळणारे असतात. कोच म्हणाला, सात सामनेच आहेत."

"तुला समजलं होतं काय लिहिलंय ते?"

"हो."

"आणि तू सूज म्हणालीस."

"नूतन, क्लबाच्या क्लिनिकमध्ये ते मला इंटर्नशिप देणार होते. त्या शहरात परदेशी मुलीला तशी जागा मिळत नाही. कोच म्हणाला, हिला खरं सांगितलं तर ही बसून राहील, मग आम्हाला दुभाषीही नको. आणि तू तरी काय केलं असतंस? तू खेळलीच असतीस. तूच म्हणायचीस, मेले तरी खेळेन."

"खेळले असते कदाचित," नूतन म्हणाली. "पण ते मी ठरवलं असतं."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. नूतनने आवाज चढवला नाही. तिने एकच मागितलं. देशाच्या शिबिरातून तिचं नाव गेलं होतं, कारण क्लबाने तोच सहीचा कागद पुढे करून कळवलं होतं की खेळाडूने दुखापत अंगावर काढली. प्रियांकाने फक्त एवढं लिहून द्यावं, की मी चुकीचं वाचून दाखवलं. प्रियांका रडायला लागली. रडतच हो म्हणाली. "परवा घरी आणून देते. माझी चूक आहे, मी लिहिते."

आम्ही सरलाबाईंचा चहा पिऊन आलो. आज मला त्या चहाचा फार राग येतो.

परवा गेला, त्याचा परवा गेला. प्रियांका फोन उचलेना. आठव्या दिवशी शालिग्राम आणि सरलाबाई गोडादऱ्याला आले. पोरगी परत गेली होती, ठरलेल्या तारखेच्या आधीचं तिकीट काढून. त्या दुपारी नूतन फिजिओथेरपीला गेली होती आणि मी धुरपदाबाईकडे बसले होते. शालिग्रामने धुडकूभाऊंचे पाय धरले. म्हणाला, शेवटचं वर्ष आहे, हे बाहेर पडलं तर कॉलेज काढून टाकेल, लग्न जमायचं आहे, आपण एका तालुक्याचे, एका समाजाचे. सरलाबाई भिंतीला टेकून नुसती रडत होती.

धुडकूभाऊंनी त्याचे हात पायांवरून सोडवले. मग उठले, कपाट उघडलं, नूतनची फाईल काढली आणि त्यातले ते दोन कागद शालिग्रामच्या हातात दिले.

मी म्हटलं, "भाऊ, काय करताय? तिला विचारा तरी."

"बाई, आपल्या पोरीचा पाय तर गेलाच," ते म्हणाले. "त्यांच्या पोरीचा जन्म कशाला वाया घालवायचा?"

मी उठून ते कागद ओढून घ्यायला हवे होते. मी घेतले नाहीत. परक्याच्या घरात बोलायची एक मर्यादा असते असं मला वाटलं. शालिग्राम कागदांची घडी करून, खिशात घालून गेला. जिन्यावर त्याची आणि परत येणाऱ्या नूतनची गाठ पडली. त्याने तिला "बेटा, सुखी राहा" म्हटलं.

नूतनला कळायला पाच मिनिटं लागली. तिने फाईल उघडली, मिटली. वडिलांकडे बघून म्हणाली, "दादा, तुम्हीसुद्धा?" धुडकूभाऊ म्हणाले, त्यांनी पाय धरले माय, मी काय करू. ती म्हणाली, "पाय माझा होता."

ऑपरेशन सप्टेंबरमध्ये झालं. गादीचा थोडा भाग काढावा लागला. चालता येईल, हळू पळताही येईल, वळताना वेग धरायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवाळीनंतर ती घरातून निघाली आणि सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात मनीषाबरोबर खोली घेऊन राहायला लागली. मनीषा तिथल्याच मार्केटमध्ये कामाला होती, तिने नूतनलाही चिकटवून घेतलं. आमच्यात बिनलग्नाची पोरगी आईबापाचं घर त्याच शहरात असताना वेगळी राहते, यावर सोसायटीत जे बोलायचं ते बोलून झालं. धुरपदाबाई दर रविवारी डबा घेऊन जाते. धुडकूभाऊ दोनदा गेले. नूतनने त्यांना बसवलं, जेवू घातलं, आणि त्यांच्याशी पूर्ण वेळ हिंदीत बोलली. परत येताना ते बसमध्ये धुरपदाबाईला म्हणाले, "पोर मन्हासंगे पाहुण्यासारखी बोलनी."

माझ्या फोनवर कागदांचे फोटो होते. मीच अर्ज लिहून दिला, इंग्रजी माझ्या भाच्याने तपासलं, डॉक्टरांनी सीडीवरून दाखला दिला. नूतनने तो देशाच्या फुटबॉल महासंघाकडे पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आलं. मूळ कागद सादर करावेत, आणि क्लबाकडील नोंदीनुसार दुखापतीची माहिती खेळाडूला तिच्या मातृभाषेत दिलेली आहे. त्या ओळीखाली नूतनने पेन्सिलने रेघ मारली आणि पत्र मला परत दिलं. "तुमच्याकडेच ठेवा बाई. माझ्या घरातून कागद जातात."

ती आता साड्यांच्या दुकानात व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाइकांना माल दाखवते. हैदराबादचा व्यापारी असो की पाटण्याचा, पदर कसा पसरायचा, काठ कुठून धरायचा, तिला दोन महिन्यांत जमलं. शेठ खूश आहे. मैदानावर ती जात नाही. बारडोलीच्या एका महिला संघाने मुलींना शिकवायला बोलावलं, तिने नाही कळवलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "मी त्यांना काय सांगू? उठा, पळा, आणि विश्वास ठेवा?"

यंदा मार्चमध्ये तिला झारखंडच्या एका मुलीचा फोन आला. एकोणीस वर्षांची, त्याच क्लबाने बोलावलेली. कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. दीदी, क्लब कसा आहे? नूतन दुकानाच्या मागच्या जिन्यात बसली आणि तिने तासभर सगळं सांगितलं. तारखांसकट. काही दुखलं तर सीडी घ्यायची, भारतात डॉक्टरला पाठवायची, मगच सही, असंही सांगितलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "दीदी, बुरा मत मानना. प्रियांका दीदीने बताया था कि आप ऐसा बोलोगे. उन्होंने कहा, आपने चोट छुपाई थी और बाद में सबको दोष दिया."

नूतन म्हणाली, ठीक आहे. सांभाळून जा.

एप्रिलमध्ये क्लबाने नव्या खेळाडूचा फोटो टाकला. ती मुलगी नवी जर्सी हातात धरून हसते आहे. शेजारी पांढऱ्या कोटात प्रियांका, तिचा हात मुलीच्या खांद्यावर. नूतनने तो मला दुकानाच्या दारात उभ्याउभ्या दाखवला. तेवढ्यात आतून शेठने हाक मारली, इंदूरची पार्टी लाइनवर होती. तिने फोन माझ्या हातात तसाच ठेवला, स्टँडवरचा दुकानाचा मोबाईल सरळ केला, आणि हिरव्या काठाची एक साडी खांद्यावर टाकून हसत म्हणाली, "नमस्ते भैया, देखिए, आज नया माल आया है."